किंमत तुम्हीच ठरवा : हंबल बंडलची पंधरा वर्षे

४ मे २०१० रोजी सॅन फ्रान्सिस्कोतल्या वुल्फायर गेम्स या छोट्या स्टुडिओने पाच गेम एकत्र बांधून विक्रीला ठेवले आणि किमतीचा रकाना कोरा सोडला. गिऱ्हाइकाने मनाला पटेल ती रक्कम भरावी, अगदी एक सेंट भरला तरी पाचही गेम त्याचे. भरलेल्या रकमेतले किती पैसे गेम बनवणाऱ्यांना जावेत आणि किती सेवाभावी संस्थांना, हेही त्यानेच ठरवावे. थोड्या दिवसांची ही विक्री होती. तिच्यातून ‘हंबल बंडल’ ही संस्था उभी राहिली. मे २०२५ मध्ये तिला पंधरा वर्षे पूर्ण झाली.

स्वतंत्र गेम बनवणाऱ्या आणि खेळणाऱ्या मराठी मंडळींच्या या स्मरणिकेत तिच्या इतिहासाला जागा देण्याचे कारण उघड आहे. आपल्यापैकी अनेकांनी पदरचे पैसे मोजून घेतलेला पहिला गेम याच संस्थेकडून घेतला. दोन-तीन माणसांनी घरी बसून केलेला गेम जगभर विकला जातो, हेही आपण इथेच जवळून पाहिले. आणि सर्वांत मोलाचे म्हणजे, गिऱ्हाइकावर विश्वास टाकून धंदा उभा राहतो हे या संस्थेने आकड्यांनिशी दाखवून दिले. तिचे चांगले दिवस आणि अवघड दिवस, दोन्ही त्या एका विश्वासाशी बांधलेले आहेत. हा इतिहास त्याच अंगाने सांगायचा आहे.

२०१० पूर्वीची परिस्थिती

त्या काळी गेम म्हणजे मुख्यतः दुकानातला डबा. डबा दुकानापर्यंत पोचवायला मोठा प्रकाशक लागे, आणि मोठ्या प्रकाशकाला मोठ्या खर्चाचे, हमखास खपणारे गेम हवे असत. व्हॉल्व्ह कंपनीचे ‘स्टीम’ २००३ मध्ये सुरू झाले होते आणि २००५ च्या अखेरीपासून तिथे बाहेरच्या स्टुडिओंचे गेमही विकले जाऊ लागले होते. पण तिथे कोणाला घ्यायचे हे व्हॉल्व्हची माणसे ठरवत. ज्याला आत घेतले नाही त्याने आपल्या संकेतस्थळावर गेम ठेवावा आणि लोक कधी फिरकतात याची वाट पाहावी, एवढेच हातात उरे. जाहिरातीला पैसा नसे. मासिकांना छोट्या गेमांत फारसा रस नसे.

दुसरी अडचण चोरीच्या प्रतींची. कायल गॅबलर आणि रॉन कार्मेल या दोघांनी ‘टूडी बॉय’ या नावाने ‘वर्ल्ड ऑफ गू’ हा गेम २००८ मध्ये आणला. चिकट गोळ्यांचे मनोरे रचत पुढे जायचे, असा हा सुंदर खेळ. त्याच्यावर कॉपी रोखणारे कुलूप, म्हणजे डीआरएम, त्यांनी मुद्दाम घातले नव्हते. खेळणाऱ्यांपैकी नव्वद टक्क्यांच्या आसपास लोकांनी तो फुकट उतरवून घेतला असावा, असा अंदाज त्यांनीच जाहीर केला. तरी गिऱ्हाइकावर चिडून ते कुलपाकडे वळले नाहीत. ऑक्टोबर २००९ मध्ये गेमच्या पहिल्या वाढदिवसाला त्यांनी उलट ‘हवी ती किंमत द्या’ अशी विक्री लावली. पन्नास हजारांहून अधिक लोकांनी गेम विकत घेतला. बहुतेकांनी अगदी थोडे पैसे दिले, पण दिले. कोणी किती दिले आणि तेवढेच का दिले, याचा तपशील टूडी बॉयने सगळ्यांसमोर ठेवला. हंबल बंडलची पहिली ठिणगी तिथे पडली.

आपल्याकडचे चित्र वेगळे नव्हते. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर पाऊचमध्ये घातलेल्या सीडी मिळत आणि त्यांतल्या बहुतेक कॉपी असत. पुण्या-नाशकातही कॉम्प्युटर जोडून देणारा दुकानदार सोबत दोन-चार गेम टाकून देई. गेम विकत घ्यायचा असतो, तो करणाऱ्याला त्याचे पैसे मिळायला हवेत, हा विचारच तेव्हा कोणी आपल्या मनात घातला नव्हता. आणि घातला असता तरी परदेशी किंमत कॉलेजातल्या पोराच्या आवाक्याबाहेरची होती.

स्थापना

वुल्फायर हे डेव्हिड आणि जेफ्री रोझेन या जुळ्या भावांचे घर. लढाऊ सशाचा ‘लुगारू’ हा गेम डेव्हिडने २००५ मध्ये बाहेर आणला होता. पुढे ‘ओव्हरग्रोथ’ या त्याच्या मोठ्या भावंडावर काम सुरू झाले. डेव्हिड गेम बनवी. गेम लोकांपर्यंत न्यायचा कसा, याचा विचार जेफ्री आणि त्यांचा सहकारी जॉन ग्रॅहम करीत. २०१० च्या सुरुवातीला त्यांनी अननोन वर्ल्ड्स या दुसऱ्या स्वतंत्र स्टुडिओबरोबर एक जोडविक्री करून पाहिली. दोन्ही स्टुडिओंचे तयार होत असलेले गेम एकत्र आगाऊ नोंदवायचे. एरवी ज्याला प्रतिस्पर्धी म्हणायचे त्याच्याशी हातमिळवणी केली की दोघांचीही गिऱ्हाइके वाढतात, हा अनुभव त्यांना तिथे मिळाला.

टूडी बॉयची मोकळी किंमत आणि अननोन वर्ल्ड्सबरोबरची जोडविक्री या दोन गोष्टी एकत्र आणल्या आणि त्यांत दानाची तिसरी गोष्ट घातली. ‘हंबल इंडी बंडल’ तयार झाले. त्यात ‘वर्ल्ड ऑफ गू’, ‘अक्वेरिया’, ‘गिश’, ‘लुगारू’ आणि ‘पेनम्ब्रा : ओव्हर्चर’ असे पाच गेम होते. विक्री चालू असतानाच झेक प्रजासत्ताकातल्या अमानिता डिझाइनचा ‘सामोरोस्ट २’ सहावा म्हणून येऊन मिळाला. दानासाठी दोन संस्था निवडल्या : रुग्णालयातल्या मुलांना खेळणी आणि गेम पुरवणारी ‘चाइल्ड्स प्ले’ आणि डिजिटल जगातल्या नागरी हक्कांसाठी झगडणारे ‘इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन’.

पहिले बंडल

ते खरेदीचे पान ज्यांनी पाहिले त्यांना ते चांगले आठवत असेल. रक्कम लिहायचा एक चौकोन. त्याच्याखाली आडव्या पट्ट्यांवर सरकणारे स्लायडर, प्रत्येक गेमच्या नावापुढे एक आणि प्रत्येक दानसंस्थेपुढे एक. एकाचा वाटा वाढवला की बाकीच्यांचा आपोआप कमी होई. कोणी सगळे पैसे मुलांच्या खेळण्यांना दिले, कोणी सगळे आवडत्या गेमच्या कर्त्याला, कोणी मांडलेली वाटणी तशीच ठेवली. त्याच पानावर सगळा हिशेब चालू असलेला दिसे : आतापर्यंत एकूण किती रक्कम, किती खरेदीदार, सरासरी किती, आणि विंडोज, मॅक, लिनक्स वापरणाऱ्यांची सरासरी वेगवेगळी. लिनक्सवाल्यांची सरासरी सर्वांत वर, त्याखाली मॅक, त्याखाली विंडोज. लिनक्स वापरणारा सगळे फुकट मागतो, हा समज त्या एका तक्त्याने मोडून काढला.

विक्री संपली तेव्हा जवळपास १ लाख ३८ हजार लोकांनी मिळून सुमारे १२ लाख ७० हजार डॉलर दिले होते. त्या वेळच्या दराने पावणेसहा कोटी रुपयांच्या आसपास. सरासरी माणशी नऊ डॉलरच्या थोडी वर. एक सेंटमध्ये सगळे मिळत असताना लोकांनी नऊ डॉलर दिले. एकूण रकमेतला जवळजवळ तीस टक्के भाग दानात गेला, तोही लोकांनी स्वतःच्या हाताने सरकवून. दहा लाखांचा टप्पा आला तेव्हा ‘लुगारू’, ‘अक्वेरिया’, ‘गिश’ आणि ‘पेनम्ब्रा’च्या कर्त्यांनी आपापल्या गेमचा सोर्स कोड खुला केला. ज्यांना गेम बनवायला शिकायचे होते अशा मुलांच्या हाती चार पुऱ्या झालेल्या गेमांची आतली बांधणी आली. आपल्याकडे तेव्हा असे शिकवणारे वर्ग फारसे नव्हते. अशा मुलांसाठी तो कोड म्हणजे शाळाच होती.

आता त्याच आठवड्यातली दुसरी बाजू. उतरवून घेतलेल्या प्रतींचा हिशेब जुळवताना वुल्फायरच्या लक्षात आले, की पावतीशिवाय उतरवलेल्या प्रती पंचवीस टक्क्यांच्या वर असाव्यात. एक सेंट आणि तोही हवा तर सगळा दानाचा, तरी चोरी. जेफ्री रोझेनने हा आकडा लपवला नाही. असे का होत असेल याची कारणे त्याने शांतपणे मांडली : काहींच्या देशात पैसे भरायची सोयच नसेल, काहींनी एकदा भरून मित्रांना दुवा पाठवला असेल. पहिल्या कारणावर तर आपल्याकडच्या कोणालाही हात वर करावा लागेल. डॉलरमध्ये पैसे घेणारे कार्ड तेव्हा किती घरांत होते? मग उपाय काय? उपाय केला नाही. चोर अडवायला कुलूप घातले तर त्रास पैसे देणाऱ्यालाच होतो, म्हणून दुवे मोकळेच राहिले.

हा निर्णय मला या संस्थेच्या साऱ्या इतिहासात सर्वांत मोठा वाटतो. नफ्या-तोट्याचा विचार त्यात होताच, पण चौघांतल्या एकाने फसवले म्हणून उरलेल्या तिघांना संशयाने वागवायचे नाही, ही भूमिका त्याच्या मुळाशी होती. तिघांनी ती ओळखली आणि पुढच्या वेळी ते परत आले.

संस्थेचा पाया

डिसेंबर २०१० मध्ये दुसरे बंडल आले. ‘ब्रेड’, ‘मशिनारियम’, ‘ऑस्मॉस’, ‘कॉर्टेक्स कमांड’ आणि ‘रिव्हेंज ऑफ द टायटन्स’. जमलेली रक्कम अठरा लाख डॉलरच्या घरात. या वेळी एक नवी योजना होती : जो सरासरीपेक्षा जास्त देईल त्याला पहिले बंडलही मिळेल. सरासरी ओलांडायला लोक थोडे वाढवून भरत, त्यामुळे सरासरी वर सरके, आणि पुढच्याला अजून थोडे जास्त भरावे लागे. सक्ती कुठेच नव्हती. पुढे कित्येक वर्षे प्रत्येक बंडलचा हा कणा राहिला.

एवढा व्याप गेम स्टुडिओच्या पडवीत मावणारा नव्हता. वुल्फायरपासून वेगळी होऊन ‘हंबल बंडल’ ही स्वतंत्र कंपनी झाली. जेफ्री रोझेन आणि जॉन ग्रॅहम तिचे संस्थापक. नव्या कंपन्यांना हात देणाऱ्या वाय कॉम्बिनेटरमध्ये तिने पाऊल टाकले आणि २०११ मध्ये सिकोया कॅपिटलने तिच्यात ४७ लाख डॉलर गुंतवले. दान आणि मोकळी किंमत यांवर चालणाऱ्या विक्रीत गुंतवणूकदाराने पैसा घालावा, याचे तेव्हा अनेकांना नवल वाटले होते.

कामाची पद्धत

सुरुवातीच्या बंडलांना तीन नियम होते. किंमत मोकळी, गेम कुलपाशिवाय, आणि प्रत्येक गेम विंडोज, मॅक व लिनक्स या तिन्हींवर चालणारा. तिसरा नियम पाळणे फार कष्टाचे. बहुतेक छोट्या स्टुडिओंकडे लिनक्सची आवृत्ती करायला ना वेळ असे ना माणूस. बंडलात जागा मिळायची म्हणून ती आवृत्ती केली जाऊ लागली, आणि रायन गॉर्डनसारख्या या कामातल्या जाणत्या माणसाने अनेक गेम लिनक्सवर आणून दिले. स्टीमने लिनक्सला २०१३ मध्ये जवळ केले. त्याआधीची तीन वर्षे ही वाट हंबलने मोठी केली होती.

नियम मोडलेला लोकांना खपत नसे. २०१२ च्या पाचव्या बंडलात ‘लिंबो’ची लिनक्स आवृत्ती मूळची नव्हती, विंडोजच्या आवृत्तीलाच वेष्टण चढवून दिलेली होती. लोकांनी ते लगेच ओळखले आणि जाब विचारला. पुढे त्या गेमची खरी लिनक्स आवृत्ती तयार झाली. तेच पाचवे बंडल मात्र संस्थेच्या सुरुवातीच्या काळाचा कळस ठरले. ‘सायकोनॉट्स’, ‘लिंबो’, ‘ॲम्नेशिया’, ‘सोर्ड अँड स्वर्सरी’ आणि सरासरी ओलांडणाऱ्याला ‘बॅस्टियन’. सुमारे सहा लाख लोकांनी ५१ लाख डॉलर दिले.

विश्वासाचा गैरफायदाही घेतला गेला. २०११ च्या डिसेंबरात स्टीमने एक बक्षीस योजना काढली होती. तिच्यासाठी काही लोकांनी एकेक सेंट भरून ढिगाने बंडले उचलली आणि त्यांच्यासोबत मिळणाऱ्या स्टीमच्या किल्ल्या, म्हणजे गेम स्टीमच्या खात्यात जमा करायचे कोड, खोट्या खात्यांवर चढवल्या. त्यावर संस्थेने एवढेच केले की स्टीमची किल्ली हवी असेल तर किमान एक डॉलर भरायचा. कुलपाशिवायचे गेम एक सेंटला मिळतच राहिले. दुखणे जेवढे तेवढेच औषध.

विस्तार

२०११ नंतर संस्थेची वाढ झपाट्याने झाली. एकेका स्टुडिओचे बंडल, अँड्रॉइडचे बंडल, ऑक्टोबर २०१२ मध्ये नील गेमन, कोरी डॉक्टोरो अशा लेखकांच्या ई-पुस्तकांचे बंडल. फेब्रुवारी २०१२ मध्ये ‘माइनक्राफ्ट’च्या मोजांग स्टुडिओने लोकांसमोर, थेट प्रक्षेपणात, साठ तासांत एक नवा गेम बनवला आणि त्यातून आलेले साडेचार लाख डॉलरच्या आसपासचे पैसे दानात दिले. गेम कसा घडतो, त्यात किती वेळा अडकायला होते, हे लोकांनी तेव्हा उघड्या डोळ्यांनी पाहिले.

मग मोठे प्रकाशक दाराशी आले. २०१२ च्या अखेरीस टीएचक्यूचे बंडल निघाले. त्यात लिनक्स नव्हते, मॅक नव्हते, कुलपे होती. पन्नास लाख डॉलरवर विक्री झाली, पण जुन्या गिऱ्हाइकांनी ‘हे आपले हंबल नव्हे’ असे सुनावले. २०१३ च्या उन्हाळ्यात इलेक्ट्रॉनिक आर्ट्सच्या ‘ओरिजिन’ बंडलने २१ लाखांहून अधिक प्रती विकल्या आणि एक कोटी पाच लाख डॉलर जमवले. ईएने आपला सारा वाटा दानात दिला. एवढ्या मोठ्या दानापुढे तक्रार करणे अवघड होते, तरी तक्रार खरी होती : सुरुवातीच्या तीन नियमांपैकी आता मोकळी किंमत तेवढी शिल्लक होती.

नोव्हेंबर २०१३ मध्ये कायमचे दुकान सुरू झाले. तिथे किंमत ठरलेली, पण प्रत्येक खरेदीतले दहा टक्के दानाला. २०१५ च्या ऑक्टोबरपासून दरमहा बारा डॉलरची वर्गणी आली : पैसे आधी भरायचे, त्या महिन्याचे गेम मागाहून कळायचे. या वर्गणीच्या पैशांतून संस्थेने छोट्या स्टुडिओंकडून खास नवे गेमही करवून घेतले. प्रकाशनाकडे जाणारा रस्ता इथून फुटला.

प्रकाशन

पुस्तकाच्या धंद्यात जसे लेखक, प्रकाशक आणि विक्रेता हे तिघे वेगळे, तसेच गेमच्या धंद्यात. हंबलने विक्रेता म्हणून सुरुवात केली. फेब्रुवारी २०१७ मध्ये ती प्रकाशक झाली. प्रकाशक म्हणजे गेम पुरा होईपर्यंत स्टुडिओचा खर्च उचलणारा, चुका शोधून देणारा, भाषांतरे करवून घेणारा, प्लेस्टेशन-निन्टेंडोच्या परवानग्यांतून गेम पार नेणारा आणि जाहिरात करणारा. हे काम किती महत्त्वाचे असते याचे घरचे उदाहरण आपल्याजवळ आहे. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने ‘राजी : ॲन एन्शंट एपिक’साठी २०१७ मध्ये किकस्टार्टरवर लोकांकडे पैसे मागितले, ते पुरेसे जमले नाहीत. मंडळींनी पदरमोड करून काम चालू ठेवले. पुढे सुपर डॉट कॉम हा परदेशी प्रकाशक मिळाला, आणि २०२० मध्ये ‘राजी’ निन्टेंडो स्विचवर व नंतर इतरत्र प्रसिद्ध झाला. गुणवत्ता पहिल्या दिवसापासून होती. पाठीशी उभे राहणारे कोणी नंतर आले.

हंबलच्या प्रकाशनाने असाच आधार अनेकांना दिला. सिॲटलच्या मेगा क्रिट या स्टुडिओचा ‘स्ले द स्पायर’ हा पत्त्यांचा गेम त्यांनी कन्सोलवर नेला, आणि त्याच्यामागून त्या धाटणीच्या गेमांची रांग लागली. ‘विझर्ड ऑफ लेजंड’, ‘फॉरेजर’, हॅम्बुर्गच्या दोघांनी केलेला ‘सिग्नॅलिस’, अशी ही यादी लांब आहे.

त्यांतला एक गेम जवळून पाहण्यासारखा आहे. ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेनच्या विच बीम स्टुडिओचा ‘अनपॅकिंग’, नोव्हेंबर २०२१. खेळणाऱ्याने फक्त खोकी उघडायची आणि सामान लावायचे. १९९७ ते २०१८ या काळातली एका मुलीची आठ बिऱ्हाडे. तिचा चेहरा कुठेच दिसत नाही, संवाद जवळजवळ नाहीतच. पण प्रत्येक नव्या घरी तेच जुने खेळणे बाहेर निघते, एक भांडे दरवेळी सोबत येते, एक वस्तू एका घरानंतर दिसेनाशी होते. एका घरात तिची पदवीची चौकट लावायला भिंतीवर जागाच मिळत नाही आणि ती शेवटी पलंगाखाली सरकवावी लागते. त्या घरात तिला स्वतःलाही जागा नाही, हे तेव्हा कळते. दोन वाक्ये न लिहिता एवढे सांगणारा हा गेम २०२२ च्या बाफ्टा पुरस्कारांत कथनासाठी गौरवला गेला आणि लोकांच्या मतांनी ठरणारा वर्षातला सर्वोत्तम गेमही ठरला. असा गेम मोठ्या कंपनीच्या बैठकीत मंजूर झाला नसता. त्याला हंबलसारखाच प्रकाशक हवा होता.

दानाचा हिशेब

संस्थेच्या कामातले हे पान सर्वांत उजळ आहे. २०१७ च्या फेब्रुवारीत अमेरिकेत निर्वासितांवरील बंदीचा प्रश्न पेटला तेव्हा ‘फ्रीडम बंडल’ निघाले आणि त्याची सगळी रक्कम नागरी हक्क, निर्वासितांची मदत आणि ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’ यांना गेली. ती ६७ लाख डॉलरच्या घरात होती. २०२० मध्ये कोरोनाच्या पहिल्या लाटेत काढलेल्या बंडलमधून ६५ लाख डॉलर आरोग्यसेवेला मिळाले. त्याच वर्षी कृष्णवर्णीय गेमकर्त्यांचे गेम प्रकाशित करण्यासाठी दहा लाख डॉलरचा निधी बाजूला काढला गेला. मार्च २०२२ मध्ये युक्रेनसाठी चाळीस डॉलरचे बंडल आले आणि अवघ्या एका आठवड्यात २ कोटी ७ लाख डॉलर उभे राहिले. आजवर या संस्थेच्या हातून २५ कोटी डॉलरहून अधिक रक्कम दानात गेली आहे.

यातले मोठे देणगीदार मोजके. बाकी सगळी रक्कम पाच, दहा, पंधरा डॉलर देणाऱ्यांची. ‘आम्ही तर गेम घ्यायला आलो होतो’ असे म्हणणाऱ्या माणसाला दान देणारा करून सोडणे, तेही उपदेशाचा एक शब्द न बोलता, हे या संस्थेचे खरे समाजकार्य.

हस्तांतर आणि कसोटीचा काळ

ऑक्टोबर २०१७ मध्ये आयजीएन या गेमविषयक माध्यमसंस्थेने, म्हणजे झिफ डेव्हिस समूहाने, हंबल बंडल विकत घेतली. मार्च २०१९ मध्ये रोझेन आणि ग्रॅहम पायउतार झाले आणि सूत्रे ॲलन पॅटमोर यांच्याकडे गेली. दुकान, वर्गणी, प्रकाशन असा पसारा वाढला होता, खर्च वाढला होता, आणि मालक आता शेअर बाजारात नोंदलेला समूह होता.

२०२१ मध्ये संस्थेने स्लायडर काढून टाकून वाटपाचे ठराविक पर्याय ठेवण्याचे घाटले. त्यामुळे गिऱ्हाइकाला सगळी रक्कम दानाकडे वळवता आली नसती. त्यावर उठलेला आवाज मोठा होता. आवाज करणारे बहुतेक दहा-अकरा वर्षांचे जुने गिऱ्हाईक. बदल थांबवला गेला, स्लायडर परत आले, पण संस्थेचा किमान वाटा राखून. संस्थेलाही माणसांचे पगार द्यायचे असतात, सर्व्हर चालवायचे असतात. तिने स्वतःसाठी वाटा ठेवावा यात वावगे काही नाही. लोकांना लागले ते दुसरेच. अकरा वर्षे जो निर्णय त्यांच्या हाती होता तो त्यांना न विचारता काढून घेतला जात होता.

त्याहून कठीण घाव जुलै २०२४ मध्ये बसला. ‘हंबल गेम्स’ या प्रकाशन विभागाची पुनर्रचना झाली आणि तिथल्या सर्व म्हणजे छत्तीस जणांना काम सोडावे लागले. बंडले आणि दुकान चालू राहिले, प्रसिद्ध झालेले गेम विक्रीत राहिले. पण ज्यांनी ते गेम हाताला धरून बाहेर आणले ती माणसे गेली. अर्ध्यावर असलेल्या स्टुडिओंना आपल्याशी आता कोण बोलणार, हा प्रश्न पडला. २०२३-२४ ही दोन वर्षे साऱ्या गेम-धंद्यालाच नोकरकपातीची गेली, हे खरे. तरी ज्या संस्थेने छोट्यांना मोठ्यांच्या मर्जीतून सोडवले, तिचेच प्रकाशन एका मोठ्या समूहाच्या निर्णयाने असे रिकामे व्हावे, याचे दुःख आहे आणि ते या पानावर नोंदवून ठेवले पाहिजे.

पंधरा वर्षांनंतर

या पंधरा वर्षांत संस्थेने काय दिले याचा आढावा घ्यायचा तर गेमांची संख्या आणि डॉलरचे आकडे पुरत नाहीत. स्वतंत्र गेम बनवून पोट भरता येते ही खात्री तिने एका पिढीला दिली. लिनक्ससारख्या दुर्लक्षित वाटेवर गेम नेले. कुलूप न घालताही विक्री होते हे दाखवले. आणि कॉपी सीडीवर वाढलेल्या आपल्यासारख्यांना गेमच्या पाठीमागे माणूस असतो, त्याचे नाव असते, आणि त्याला दिलेले शंभर रुपयेही त्याच्यापर्यंत पोचतात, याची जाणीव करून दिली. स्लायडर सरकवताना आपण प्रथमच त्या माणसाचे नाव वाचत होतो.

संस्था जोवर आपला हिशेब गिऱ्हाइकासमोर मांडून, त्याच्या हाती निर्णय ठेवून चालली, तोवर गिऱ्हाइकाने तिला भरभरून दिले आणि तिच्या चुका पोटात घातल्या. निर्णय बंद दाराआड गेले तेव्हा कुरबूर सुरू झाली. मालक बदलले, पसारा वाढला, बाजार पालटला, तरी हा नियम पंधरा वर्षे बदललेला नाही.

आज पुणे, मुंबई, कोल्हापूर, नागपुरात, आणि परदेशी गेलेल्या मराठी तरुणांतही, गेम बनवणारे छोटे गट उभे राहात आहेत. उद्या त्यांच्यातलेच कोणी प्रकाशन आणि वितरणाची संस्था काढतील. त्यांनी हंबल बंडलपासून बंडल बांधायची युक्ती घेतली नाही तरी चालेल, ती आता सगळेच वापरतात. घ्यायचे ते पहिल्या आठवड्यातले धैर्य : पंचवीस टक्के चोरी दिसत असताना पंचाहत्तर टक्के प्रामाणिक माणसांसाठी दार उघडे ठेवणे, आणि पैसा कुठे जातो ते प्रत्येक देणाऱ्याला दाखवणे. हंबल बंडलला सोळाव्या वर्षासाठी मनापासून शुभेच्छा देताना तिच्याकडेही मागणे हेच आहे. ज्या गिऱ्हाइकावर विश्वास टाकून ती मोठी झाली, त्याच्यावरचा विश्वास तिने कमी होऊ देऊ नये.